नाकातले रक्त आणि नोंदीतले कारण

नाकातून रक्त येण्याला मराठीत घरगुती शब्द आहे, घोळणा फुटणे. भर उन्हात खेळून आलेल्या मुलाचा घोळणा फुटला की घरातले मोठे माणूस त्याला खाली बसवता बसवता तीन गोष्टी विचारून घेते: कुठल्या नाकपुडीतून येतेय, कधीपासून येतेय आणि कुठे आपटलास का. बाजू, वेळ आणि कारण. डॉक्टरलाही सुरुवातीला याहून फार वेगळे काही विचारायचे नसते. हाच मुलगा अमेरिकेतल्या एखाद्या रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात गेला, तर त्याच्या आजाराची नोंद शेवटी एका छोट्या कोडमध्ये होते: आर०४.०. त्याचा अर्थ ‘नाकातून रक्तस्राव’ एवढाच. रक्त कुठल्या बाजूने आले, किती वेळ वाहिले, कशामुळे आले, यातले काहीही त्या कोडमध्ये मावत नाही. नाकात बोट घातल्याने आलेले चार थेंब आणि पंचाहत्तरीच्या गृहस्थाच्या घशात मागून उतरणारे, रक्त चढवण्याची पाळी आणणारे रक्त, या दोन्हींना हाच कोड लागतो. कोडचा हा तोकडेपणा चालून जातो, कारण त्याच्या शेजारी डॉक्टरने लिहिलेली टिपण असते आणि उरलेली माहिती तिने सांगायची असते. टिपणही तोकडी असेल तर मात्र ती माहिती कुठेच उरत नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की अमेरिकेतल्या वैद्यकीय नोंदींचा कस आर०४.० या कोडपेक्षा डॉक्टर कारणाबद्दल जे एक वाक्य लिहितो त्या वाक्यावर लागतो. सुधारणा करायची तर तिथून सुरुवात करावी.

आजारांच्या या कोडसंचाचा जन्म मृत्यूच्या याद्यांतून झाला, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्टियों यांनी तयार केलेले मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण १८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या बैठकीत स्वीकारले गेले. १९०० पासून साधारण दर दहा वर्षांनी त्याच्या सुधारित आवृत्त्या निघू लागल्या. १९४८ मध्ये सहावी आवृत्ती नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेकडे आली, तेव्हा कुठे त्यात मृत्यूबरोबर जिवंत माणसांच्या आजारांनाही रीतसर जागा मिळाली. ज्याने माणूस सहसा मरत नाही त्याला अशा यादीत बारीक विभागणी मिळण्याचे कारण नव्हते. घोळणा फुटणे हे ‘लक्षणे, चिन्हे आणि इतरत्र न बसणाऱ्या गोष्टी’ अशा अर्थाच्या प्रकरणात जाऊन बसले आणि आजही तिथेच आहे. १ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेने नवव्या आवृत्तीवरून दहाव्या आवृत्तीच्या आपल्या खास रूपांतरावर उडी घेतली. आजारांचे कोड सुमारे १४ हजारांवरून ७० हजारांच्या आसपास गेले. हाडांच्या मोडण्याला डावी-उजवी बाजू आली, पहिली भेट आणि नंतरची भेट असा भेद आला. नाकातल्या रक्ताचा मात्र ७८४.७ हा एक कोड जाऊन आर०४.० हा एकच कोड आला. ज्या अवयवाला उघड उघड दोन बाजू आहेत, त्याच्या रक्तस्रावाला बाजू मिळाली नाही.

याच्या शेजारीच अमेरिकेत दुसरी एक कोडपद्धती चालते. तिच्यात हेच नाक किती बारकाईने पाहिले आहे ते बघण्यासारखे आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ मध्ये ‘सीपीटी’ नावाची यादी काढली. ही आजारांची यादी नव्हे, डॉक्टरने काय केले याची यादी आहे. १९८३ पासून वृद्धांच्या सरकारी विम्याने, म्हणजे मेडिकेअरने, ती आपल्या देयकांसाठी स्वीकारली आणि पुढे १९९६ च्या ‘हिपा’ कायद्याखालच्या नियमांनी ती सगळ्यांना लागू झाली. या यादीत नाकाच्या पुढच्या भागातले रक्त साध्या रीतीने थांबवले तर ३०९०१, बराच डाग द्यावा लागला किंवा बरेच पॅकिंग करावे लागले तर ३०९०३, मागच्या भागातले थांबवले तर पहिल्या वेळी ३०९०५ आणि पुन्हा करावे लागले तर ३०९०६. दुर्बीण घालून थांबवले तर ३१२३८. दुर्बिणीतूनच स्फेनोपॅलाटाइन धमनी बांधली तर ३१२४१, हा कोड २०१८ मध्ये आला. पुढच्या भागाचे पहिले दोन कोड एका बाजूसाठी आहेत. दोन्ही नाकपुड्यांत काम केले तर ५० क्रमांकाचा मॉडिफायर, म्हणजे कोडला जोडायची पूरक खूण, लावावा लागतो.

ही पुढची-मागची विभागणी मनाने केलेली नाही, तिला शरीररचनेचा आधार आहे. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागात अनेक बारीक रक्तवाहिन्या एकत्र येतात. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक जेम्स लिटल यांनी १८७९ मध्ये आणि जर्मनीच्या विल्हेल्म किसेलबाख यांनी १८८४ मध्ये ही जागा वर्णिली. दहातले नऊच्या आसपास घोळणे इथूनच फुटतात. जागा बोटाच्या आणि कोरड्या हवेच्या टप्प्यात असते, दाबताही येते. उरलेले रक्त मागून, मोठ्या शाखांतून येते. ते दिसत नाही, दाबले तरी थांबत नाही आणि घशात उतरते. म्हणजे रुग्णाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा फरक पुढचे की मागचे हा आहे. तो फरक आजाराच्या कोडमध्ये नाही, उपचाराच्या कोडमध्ये आहे, कारण उपचाराच्या कोडवर पैसे मिळतात. याचा परिणाम असा होतो की काहीच करावे लागले नाही तर तो फरक कुठेच नोंदला जात नाही. नाकपुड्यांचा मऊ भाग चिमटीत धरून सलग दाबणे हा पहिला आणि बहुतेक वेळा पुरेसा उपचार. अमेरिकेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत तो पाच मिनिटे किंवा अधिक वेळ करायला सांगितला आहे. या दाबण्याला सीपीटीत वेगळा कोड नाही. तो तपासणीच्या भेटीत धरला जातो. हे योग्यच आहे, चिमटीसाठी वेगळे बिल लावणे कोणालाच पटणार नाही. पण त्यामुळे साध्या उपायाने बरा झालेला रुग्ण कोडच्या पातळीवर जवळजवळ अदृश्य होतो. त्याच्याबद्दल जे काही कळायचे ते टिपणीतूनच.

उपचाराच्या कोडलाही टिपणीचा आधार लागतोच. ‘साधे’ आणि ‘गुंतागुंतीचे’ यांच्यात रेघ कुठे ओढायची हे सीपीटीने मोजमापात सांगितलेले नाही. मर्यादित डाग आणि विस्तृत डाग, एवढेच शब्द आहेत. ३०९०३ चे पैसे ३०९०१ पेक्षा जास्त. मग टिपणी वाचून कोड लावणाऱ्या कोडरने काय पाहायचे? सिल्व्हर नायट्रेटच्या काडीने एका ठिकाणी डाग दिला, रक्त थांबले, असे लिहिलेले असेल तर साधे. दोनदा डाग देऊनही थांबले नाही, औषधी बोळा ठेवला, मग पडद्याच्या कडेने वरपर्यंत पट्टी भरली, असे लिहिलेले असेल तर गुंतागुंतीचे म्हणायला आधार मिळतो. ‘रक्तस्राव नियंत्रित केला’ एवढेच लिहिले तर कोडरला खालच्याच पायरीवर थांबावे लागते. आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या ओघात डॉक्टरच्याच हाताने आलेले रक्त त्याच वेळी थांबवले तर त्याचे वेगळे बिल लागत नाही. मेडिकेअरने १९९६ पासून चालवलेल्या कोडजोड्यांच्या तपासणीत हे धोरण स्पष्ट आहे.

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे, म्हणजे कारणाकडे येऊ. समजा चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक बाई नाकाला रुमाल लावून येतात. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी त्या वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेतात. हे औषध विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधनातून आले आणि त्याच्या इंग्रजी नावातली पहिली चार अक्षरे त्या विद्यापीठाच्या संशोधन प्रतिष्ठानाच्या आद्याक्षरांची आहेत. डॉक्टर पॅकिंग करतात, बाई घरी जातात. टिपणीत तीन प्रकारे लिहिता येईल. पहिला: ‘नाकातून रक्त. वॉरफरिन चालू.’ दुसरा: ‘वॉरफरिनमुळे नाकातून रक्त, औषध सांगितलेल्या मात्रेतच घेत होत्या.’ तिसरा: ‘वॉरफरिन सांगितल्याप्रमाणे चालू असताना गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन चार दिवस घेतली, त्यानंतर रक्त.’ वाचणाऱ्याला ही एकाच प्रसंगाची कमी-अधिक तपशिलातली वर्णने वाटतील. कोडच्या नियमांप्रमाणे ही तीन वेगळी सत्ये आहेत. पहिल्यात आर०४.० आणि सोबत झेड७९.०१, म्हणजे ‘रक्त गोठू न देणारे औषध दीर्घकाळ चालू’. औषध आहे, रक्त आहे, दोघांचा संबंध नाही. दुसऱ्यात डी६८.३२ येतो, म्हणजे बाहेरून घेतलेल्या गोठणविरोधी औषधाने झालेला रक्तस्रावाचा विकार, आणि त्याला टी४५.५१५ जोडला जातो, म्हणजे नीट घेतलेल्या औषधाचा अपाय. तिसऱ्यात मात्र डॉक्टरने सांगितलेल्या औषधात स्वतःहून दुसरे औषध मिसळल्याने झालेली इजा असा अर्थ डॉक्टरने मांडला, तर अमेरिकेच्या अधिकृत नियमांनुसार ती ‘विषबाधा’ या गटात जाते आणि विषबाधेचा कोड सगळ्यात आधी लिहावा लागतो. विषबाधा हा शब्द ऐकायला भयंकर वाटतो, पण नियमाचा हेतू समजण्यासारखा आहे. औषध दोषी की औषध घेण्याची रीत दोषी, हे त्याला वेगळे मोजायचे आहे.

कोडर हे स्वतः का ठरवत नाही, असे विचारले जाते. चार्टमध्ये वॉरफरिन दिसते आहे, रक्त न गोठण्याची तपासणी वाढलेली दिसते आहे, मग एवढा तर्क करायला काय हरकत? हरकत अशी की नियमाने निदान हे उपचार करणाऱ्याच्या विधानावर अवलंबून ठेवले आहे. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचे हिमोग्लोबिन घसरलेले कोडरला आकड्यात दिसत असते, तरी रक्त गेल्याने झालेल्या तीव्र पंडुरोगाचा डी६२ हा कोड तो लावू शकत नाही. डॉक्टरने तसे लिहिले पाहिजे. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. पुण्यात किंवा चेन्नईत बसून ओहायोतल्या रुग्णाचा चार्ट वाचणाऱ्या कोडरने (आणि अमेरिकेतल्या कोडिंगचा मोठा भाग आज भारतात होतो) त्या बाईंना पाहिलेले नसते. त्यांचा घोळणा कोरड्या हवेने फुटला की औषधाने, हे त्यांच्या समोर बसलेल्यानेच सांगायला हवे. शंका आली तर कोडर डॉक्टरला लेखी प्रश्न पाठवतो, त्याला ‘क्वेरी’ म्हणतात. या क्वेरीलाही व्यवसायाने शिस्त घातली आहे: उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही, जास्त पैसे देणारे निदान पुढे सरकवायचे नाही. ‘हे वॉरफरिनमुळे झाले ना?’ असे विचारणे चूक. ‘रक्तस्रावाचे कारण, ठरवता येत असल्यास, नोंदवाल का?’ असे विचारणे बरोबर.

काहीजणांना इथे एक सोपा उपाय सुचतो. रक्तदाब वाढलेला असेल तर तेच कारण लिहून मोकळे व्हावे. ही सवय आपल्याकडेही आहे. नाकातून रक्त आले की पहिला संशय बीपीवर. पण घोळणा फुटलेला माणूस घाबरलेला असतो आणि घाबरल्याने दाब वाढतो, त्यामुळे त्या क्षणी मोजलेला आकडा कारण आहे की परिणाम हे सांगता येत नाही. रक्तदाबाने नाकातून रक्त सुरू होते, असा नेमका कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. कोडच्या नियमांनी इथे सावधपणा दाखवला आहे. उच्च रक्तदाब आणि हृदयाचा निकामीपणा, किंवा उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा जुनाट आजार, हे एकाच चार्टमध्ये दिसले तर संबंध गृहीत धरायला नियम सांगतो. नाकातल्या रक्ताबद्दल असे गृहीतक नाही. दोन कोड शेजारी शेजारी बसतात, एकमेकांचे नातेवाईक होत नाहीत.

कारण न लिहिण्याची किंमत सर्वांत जास्त कोण भरते, हे एका आनुवंशिक आजारात स्पष्ट दिसते. ऑस्लर-वेबर-रेंदू या तीन डॉक्टरांच्या नावाने ओळखला जाणारा, रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात बिघाड करणारा हा आजार साधारण पाच हजारांत एकाला असतो. तो असणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांच्या नाकातून वारंवार रक्त येते. ओठांवर, जिभेवर, बोटांवर लहान लाल ठिपके दिसतात. नाकातले रक्त हा त्यातला सौम्य भाग. फुप्फुसात किंवा मेंदूत चुकीच्या रीतीने जोडलेल्या वाहिन्या असतील तर पक्षाघात आणि मेंदूतले गळू इथपर्यंत मजल जाते. निदानाच्या चार खुणा ठरलेल्या आहेत: आपोआप आणि वारंवार येणारे नाकातले रक्त, ते लाल ठिपके, आतल्या अवयवांतल्या विकृत वाहिन्या आणि आईवडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कोणाला तोच आजार. तीन जमल्या तर निदान पक्के. या आजाराला आय७८.० असा स्वतंत्र कोड आहे. पण अमेरिकेत बाह्यरुग्ण विभागासाठी आणि दाखल न होता परत जाणाऱ्या इमर्जन्सीतल्या रुग्णासाठी नियम असा, की ‘संशयित’, ‘शक्यता’, ‘असू शकेल’ असे लिहिलेल्या निदानाला कोड लावायचा नाही. त्या भेटीत नक्की जेवढे कळले तेवढेच, म्हणजे लक्षण, नोंदवायचे. दाखल होऊन घरी जाणाऱ्याच्या बाबतीत नियम उलटा आहे, तिथे शेवटपर्यंत संशय राहिला तरी तो असल्यासारखा कोड लावता येतो. मग एखादा तरुण दहा वर्षांत पाच वेगवेगळ्या ठिकाणी पॅकिंग करून घरी गेला तर त्याच्या खात्यात पाच आर०४.० जमतात. पाचही प्रामाणिक, पाचही नियमाप्रमाणे, आणि पाचांतून एकही आजाराकडे बोट दाखवत नाही. ‘दोन्ही बाजूंनी वारंवार, वडिलांनाही असेच, ओठांवर ठिपके आहेत का ते पुढच्या भेटीत पाहावे’ हे वाक्य टिपणीत असेल तरच सहावा डॉक्टर ते उचलून पुढे नेऊ शकतो. २०२० च्या मार्गदर्शक सूचना नेमके हेच सांगतात. रक्तस्रावाचे विकार स्वतःला किंवा कुटुंबात आहेत का, गोठणविरोधी औषधे चालू आहेत का, नाकातून अमली पदार्थ ओढले जातात का, हे नोंदवा. वारंवार दोन्ही बाजूंनी रक्त येत असेल तर त्या ठिपक्यांचा शोध घ्या.

यावर पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप डॉक्टरांकडून येतो: आणखी लिहायला सांगू नका. त्यांचे म्हणणे पोकळ नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात अमेरिकी डॉक्टर रुग्णासमोरच्या एका तासामागे जवळजवळ दोन तास संगणकावरच्या नोंदीत आणि टेबलावरच्या कामात घालवतात असे आढळले. २००९ च्या कायद्याने संगणकीकृत नोंदींना पैसे देऊन प्रोत्साहन दिले आणि त्यानंतर टिपणी फुगत गेल्या. पण त्या कशाने फुगल्या हे पाहिले तर आक्षेपाची दिशा बदलते. भेटीची पातळी ठरवण्यासाठी १९९५ आणि १९९७ च्या नियमावल्या होत्या. त्यात किती अवयवसंस्थांबद्दल विचारले, तपासणीत किती मुद्दे पाहिले, यांची मोजदाद होई. नाकातल्या रक्तासाठी आलेल्या माणसाच्या टिपणीत सांधे दुखत नाहीत, लघवीला त्रास नाही, त्वचेवर पुरळ नाही अशा ओळी भरल्या जात, कारण त्या मोजल्या जात. ‘वॉरफरिनमुळे’ हा एक शब्द त्या मोजदादीत भर घालत नसे. २०२१ मध्ये दवाखान्यातल्या भेटींसाठी आणि २०२३ मध्ये इमर्जन्सी विभागासाठी ही मोजणी काढून टाकली गेली. आता इमर्जन्सीत भेटीची पातळी डॉक्टरच्या निर्णयातल्या गुंतागुंतीवर ठरते, दवाखान्यात त्यावर किंवा दिलेल्या वेळेवर. म्हणजे नियमांनीच कबूल केले की लांबीला किंमत नव्हती, विचाराला होती. लॉरेन्स वीड या अमेरिकी डॉक्टरने १९६८ मध्येच नोंद समस्येभोवती रचावी, रुग्ण काय सांगतो, डॉक्टरला काय दिसते, त्यावरून काय वाटते आणि पुढे काय करायचे या क्रमाने लिहावी, असा आग्रह धरला होता. त्या क्रमातली तिसरी पायरी, डॉक्टरला काय वाटते, हीच फुगलेल्या टिपणीत सगळ्यात बारीक होऊन बसली. मी मागतो आहे ते वाक्य त्या तिसऱ्या पायरीवरचे आहे. सांधे आणि पुरळ यांच्या दहा ओळी गेल्या तर त्याला जागाही होते.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. वाक्यावर कशाला विसंबता, कोडच वाढवा. डावा, उजवा, पुढचा, मागचा, सगळ्यांना अंक द्या. वाक्य मोजता येत नाही, कोड मोजता येतो. यात तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. १९९२ ते २००१ या दशकात अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांतल्या साधारण दर दोनशे भेटींत एक भेट नाकातल्या रक्तासाठी होती, आणि असे रुग्ण दहा वर्षांखालच्या मुलांत व सत्तरीतल्या माणसांत जास्त होते, हे आपल्याला कळले ते भेटींचे कोड मोजता आले म्हणूनच. नवे कोड मागण्याची वाटही आहे. राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्र आणि मेडिकेअरची संस्था यांची संयुक्त समिती वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, प्रस्ताव ऐकते. फॉन विलेब्रांट या रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचा एकच कोड होता, ऑक्टोबर २०२२ पासून तो प्रकारांनुसार फोडला गेला. बाजूचा एक अंक आर०४.० ला जोडला तर मी त्याचे स्वागत करीन. डॉक्टर बाजू पाहतोच, लिहायला कष्ट नाहीत. पुढचे-मागचे याबद्दल मात्र मी साशंक आहे. वाहत्या रक्तात मूळ जागा इमर्जन्सीत अनेकदा दिसतच नाही. अशा ठिकाणी अंक वाढवला की ‘अनिर्दिष्ट’ नावाचा खाना भरत जातो आणि नोंद बारीक झाल्याचा केवळ भास होतो. कारणासाठी तर नवे कोड नकोतच. डी६८.३२ आहे, टी४५.५१५ आहे, आय७८.० आहे, नाकात अडकलेल्या वस्तूसाठी टी१७.१ आहे, शस्त्रक्रियेनंतरच्या रक्तस्रावासाठी जे९५.८३० आहे. ते वापरायला परवानगी देणारे वाक्य टिपणीत नसते, अडचण तिथे आहे.

तिसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. हे सगळे शेवटी पैशासाठी चालते, नीट नोंद म्हणजे जास्त बिल, आणि ‘कारण लिहा’ हा उपदेश रुग्णालयाच्या उत्पन्नाचा उपदेश आहे, असे म्हटले जाते. अमेरिकेत नोंद आणि पैसा यांची गाठ घट्ट आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. साधे पॅकिंग गुंतागुंतीचे म्हणून लावणे, पॅकिंगबरोबर वेगळी तपासणी झालीच नसताना २५ क्रमांकाचा मॉडिफायर जोडून तिचेही पैसे मागणे, असे मोह खरे आहेत. सरकारला खोटे बिल लावणाऱ्याला नुकसानभरपाई भरायला लावणारा कायदा गृहयुद्धाच्या काळात, १८६३ मध्ये, लष्कराला फसवणाऱ्या पुरवठादारांसाठी झाला. आज तो मेडिकेअरच्या बिलांना लागू होतो आणि नुकसानभरपाई तिप्पट भरावी लागते. पण अशा फसवणुकीला आळा कशाने बसतो? तपासनीस शेवटी टिपणीच मागतो आणि वाचतो. जिथे दोन वेळा डाग दिल्याचे, कुठल्या बाजूला दिल्याचे, कशाने थांबल्याचे लिहिलेले असते तिथे खोटे लावणे कठीण होते. शिवाय नीट लिहिल्याने दर वेळी पैसे वाढतात असेही नाही. नाकाच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर नव्वद दिवसांच्या आत त्याच डॉक्टरकडे रक्त घेऊन आलेल्या रुग्णाचे पॅकिंग दवाखान्यातच झाले, तर मेडिकेअर त्याचे वेगळे पैसे देत नाही; ते मूळ शस्त्रक्रियेच्या मोबदल्यात धरलेले असते. ‘शस्त्रक्रियेमुळे’ असे प्रामाणिकपणे लिहिणारा डॉक्टर तिथे पैसे गमावतो. तरीही त्याने ते लिहावे, कारण त्या वाक्यावरून शस्त्रक्रियेनंतर किती जणांना रक्त येते हे कळते.

आता टिपणी लिहिणारी संगणकी साधने आली आहेत. डॉक्टर आणि रुग्णाचे बोलणे ऐकून ती मसुदा करतात. मग हा प्रश्न आपोआप सुटेल, असे काहींना वाटते. बोलण्यात आलेले कारण ती नक्की टिपतील, आणि त्याने टंकलेखनाचे कष्ट वाचतील, हे चांगलेच आहे. मात्र चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईंनी वॉरफरिनचा उल्लेख केला आणि रक्ताचाही केला, एवढ्यावर यंत्राने ‘मुळे’ हा शब्द मध्ये घातला तर तो कोणाचा निर्णय? कोडरला जो तर्क नियमाने मना केला आहे तो यंत्राला मागच्या दाराने दिल्यासारखे होईल. डॉक्टरने मसुदा वाचून तो शब्द ठेवला किंवा खोडला, तर ठीक. न वाचता सही केली, तर नोंद पूर्वीपेक्षा गुळगुळीत आणि पूर्वीपेक्षा अविश्वसनीय होईल.

कारणाच्या वाक्याचा उपयोग बिल चुकते झाल्यावर सुरू होतो. २०२० च्या त्याच मार्गदर्शक सूचना सांगतात, की जीव धोक्यात नसेल तर गोठणविरोधी औषध बंद करण्याआधी किंवा त्याचा परिणाम उलटवण्याआधी नाकावरचे पहिले उपाय करून पाहा. कारण औषध थांबवले की नाकातले रक्त थांबेलही, पण हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताची शक्यता वाढते. बाईंच्या नेहमीच्या डॉक्टरला आठवड्याने फक्त आर०४.० दिसला तर त्यांनी औषधाचे काय करायचे? ‘डाव्या बाजूला पुढे, वॉरफरिन आणि आयबुप्रोफेन एकत्र घेतल्याने, आयबुप्रोफेन बंद, वॉरफरिन चालू ठेवले’ हे दिसले तर त्यांचा निर्णय अर्ध्या मिनिटात होतो. ५ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत रुग्णालाही आपली टिपण विनाविलंब वाचायला मिळाली पाहिजे असा कायद्याचा दंडक आहे. म्हणजे बाई स्वतः, किंवा दुसऱ्या राज्यात राहणारी त्यांची मुलगी, फोनवर हेच वाक्य वाचू शकते आणि औषधांच्या कपाटातली आयबुप्रोफेनची पट्टी बाजूला काढून ठेवू शकते. त्या सूचनांत आणखी एक कलम आहे, ज्याकडे कोडची कुठलीही यादी बघत नाही: न विरघळणारे पॅकिंग, शस्त्रक्रिया किंवा धमनी बंद करणे यांपैकी काही केले असेल, तर तीस दिवसांच्या आत रुग्णाचे पुढे काय झाले ते नोंदवावे, किंवा तो कोणाच्या हाती सोपवला ते लिहावे. तिसऱ्या दिवशी पॅक काढला, पुन्हा रक्त नाही, वॉरफरिन चालू. एवढी ओळ पुरते, आणि ती एखादी परिचारिका फोन करूनही लिहू शकते.